कुळागरातून जड ओंडके काढायला घरी बनवलेली आर्च ट्रॉली, पाइप-चाकं-उंची किती ठेवू?

कुळागरवाला_सत्तरी

नमस्कार मंडळी, आमचं कुळागर (पोफळी-नारळाची बाग) गोव्यातल्या सत्तरीत, वाळपईपासून बरंच आत. गेल्या पावसाळ्यात वाऱ्याने जुना फणस मुळासकट आडवा झाला आणि जाताजाता शेजारच्या आंब्यालाही घेऊन पडला. वनखात्याचं कागदपत्र झालंय, तो प्रश्न नाही. फणसाचं लाकूड घराच्या दारं-खिडक्यांना वापरायचंय, अडचण फक्त ओंडके वरच्या रस्त्यापर्यंत आणायची. क्रेन आत येत नाही, वाटेत चिऱ्यांचा गडगा (कुंपणाची भिंत) आहे आणि पुढे पोफळी, त्यांच्यामधून मिनी ट्रॅक्टर जेमतेम जातो. जेसीबीवाला म्हणाला तासाभरात काढून देतो पण तो आत आला की पाण्याचे पाट आणि पोफळींची मुळं दोन्ही गेली म्हणून समजा, ते मला अजिबात नको, त्या पोफळी वडिलांनी लावलेल्या आहेत.

म्हणून उलट्या यू आकाराची आर्च बनवायचं डोक्यात आहे. दोन बाजूंना दोन चाकं, मधोमध ओंडका टांगायचा, पुढे दांडा ट्रॅक्टरला. भंगारात ३ इंची जीआय पाइप मिळतोय, मारुती ८०० चे मागचे स्टब (चाक बसतं ते आखूड अॅक्सल) आणि चाकंही पडून आहेत. ट्रॅक्टर १८ एचपीचा. फणसाच्या बुंध्याचा घेर ६ फूट, १० फुटांचे तुकडे पाडायचे. गिरणीवाल्याने एका तुकड्याचे साडेबावीस घनफूट धरले, म्हणजे वजन ६५० किलोच्या आत यावं. वाट अशी की आधी व्हाळापर्यंत (ओढ्यापर्यंत) उतार आणि मग रस्त्यापर्यंत चांगलाच चढ. पाइप चालेल का, उंची किती ठेवू, आणि उचलायला नुसता दांडा खाली दाबून भागेल की विंच लागेल? कोणी केलं असेल तर सविस्तर सांगा.

वेल्डर_डिचोली

आधी वजन बघा, सगळं त्यावरच आहे. गिरणीत घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात, त्या मापात गोल ओंडक्याचं खरं घनफळ साधारण २१ टक्के कमी दिसतं, कारण कापताना जे कडेचं वाया जातं ते आधीच वजा धरलेलं असतं. विकत घ्यायला-द्यायला ते माप ठीक आहे पण वजन काढायला नाही, कडेचं लाकूडसुद्धा तुमच्या साखळीवरच लटकणार. ६ फूट घेर म्हणजे व्यास ५८ सेंमी, १० फूट लांबी, खरं घनफळ पाऊण घनमीटरच्या वर जातं, ०.८१ च्या आसपास. ओलं लाकूड घनमीटरला एक टन धरायचं, थोडं जास्त निघालं तरी चालेल कमी नको. म्हणजे तुमचा एक तुकडा ८०० किलोचा.

आता पाइप. जीआय नकोच, जस्ताचा थर जळताना जो पांढरा धूर येतो तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. घासून काढला तरी सांध्याच्या आतून निघतोच. काळा एमएस पाइप घ्या, म्हणजे जस्त न चढवलेला साध्या लोखंडाचा. आणि ३ इंचीत भागणार नाही. दोन पायांत ४ फूट अंतर आणि मधोमध ८०० किलो टांगले तर ३ इंची बी क्लासच्या (मध्यम जाडीच्या) वरच्या आडव्या पाइपात नुसतं उभं असताना ११० एमपीएच्या (एमपीए हे ताणाचं एकक) आसपास ताण येतो, साधं लोखंड २४०-२५० ला कायमचं वाकतं. वाचून वाटेल की निम्म्यावर आहोत, भरपूर झालं. पण चाक आळ्यात नाहीतर दगडावरून धपकन पडलं की झटक्याने भार सहज दुप्पट होतो आणि तुम्ही काठावर जाता. ४ इंची सी क्लास (जास्त जाडीचा) घ्या, ताण निम्म्याहून कमी होतो. मी तर तेच घालतो आणि दोन्ही वरच्या कोपऱ्यांत आतून ८ एमएम प्लेटचे त्रिकोण मारतो. आर्च मोडते ती कोपऱ्यात किंवा स्टबच्या मुळाशी, सरळ पाइपात सहसा नाही. खाली दोन चाकांना जोडणारा अॅक्सल नसतो ना, त्यामुळे दोन्ही पाय बाहेर फाकायला बघतात आणि तो सगळा जोर कोपऱ्यावर येतो.

मारुतीची चाकं पण सोडून द्या. त्या टायरवर १४५/७० आर १२ नंतर ६९ लिहिलेलं असतं, तो भाराचा आकडा, ६९ म्हणजे एका टायरला ३२५ किलो. दोन मिळून ६५० आणि त्यात आर्चचं स्वतःचं वजन आलंच. जीप किंवा बोलेरोचे हब बघा, भाराचा आकडा १०० असलेला टायर ८०० किलो घेतो. शिवाय मोठं चाक पाट ओलांडताना आत रुतत नाही, हा फायदा कागदावर दिसत नाही पण कुळागरात सगळ्यात जास्त कामाला येतो.

उंची: ओंडका ५८ सेंमी, खाली वीतभर मोकळं, वर साखळी आणि हुकाला फूटभर, म्हणजे आतून ११० सेंमी पुरे. त्याहून उंच करू नका, ओंडका जितका वर तितकी आर्च कलंडायला सोपी. आतली रुंदी १०० ते ११० सेंमी. पोफळी नऊ फुटांवर असतील तर चाकांसकट आरामात जाईल.

दांडा दाबून उचलायचं ते दीड-दोनशे किलोच्या लाकडाला ठीक. आठ फुटी दांडा धरला तरी आर्च मागे कललेली असताना तिप्पट-चौपट एवढाच फायदा मिळतो, आणि हात सुटला की तो दांडा उसळून हनुवटीवर येतो. १ टनी चेन ब्लॉक लावा, गॅरेजमध्ये इंजिन उचलायला असतो तोच, साखळी सोडली तरी भार जागेवर धरून ठेवतो. त्याला वर जागा जास्त लागते म्हणून आर्च एक फूट वाढवण्यापेक्षा ब्लॉक आडव्या पाइपाच्या पुढे वेगळ्या ब्रॅकेटवर घ्या. उचलून झालं की ओंडका जाड साखळीने आर्चलाच बांधा आणि ब्लॉक सैल सोडा, प्रवास ब्लॉकवर करायचा नाही. साखळी ग्रेड ८० ची, ८ एमएमला २ टन सुरक्षित भार असतो, छापील टॅग बघून घ्या. गेटला लावायची साखळी कोणी दिली तर घेऊ नका.

पेडण्याचा_ड्रायव्हर

वेल्डर भाऊंनी बनवायचं सगळं सांगितलं, मी चालवायचं सांगतो कारण उतार ऐकून मला काळजी वाटली. आर्चला ब्रेक नसतो. १८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर स्वतः ८०० किलोच्या आसपास आणि मागे तेवढाच ओंडका पूर्ण अधांतरी, तर व्हाळाकडे उतरताना ओंडकाच ट्रॅक्टरला ढकलत नेणार, ब्रेक दाबला तरी मागची चाकं घसरणार. म्हणून उतारावर ओंडक्याची शेपटी जमिनीवर घासू द्या, तोच तुमचा ब्रेक.

कुठे टांगलं यावर शेपटीचा भार ठरतो. अगदी पुढच्या टोकाला टांगलं तर निम्मं वजन जमिनीवर राहतं. पुढून एक तृतीयांशवर टांगलं तर पाव वजन मागे घासतं आणि पाऊण आर्चवर. मधोमध टांगलं तर सगळं अधांतरी. उतारावर मी टोकाजवळ टांगतो, सपाटीला एक तृतीयांशवर. बुंधा नेहमी पुढे ठेवायचा, जड बाजू ट्रॅक्टरकडे. आणि पुढचं नाक दांड्याला आवळून बांधा नाहीतर वळणावर ओंडका घड्याळाच्या लंबकासारखा हलतो आणि पोफळीला साल निघेपर्यंत धडकतो.

ट्रॅक्टरला जोडताना फक्त खालच्या ड्रॉबारला. वरच्या टॉप लिंकला किंवा मागच्या अॅक्सलच्या वर कुठेही दोर-साखळी अडकवून ओढायचं नाही, चढावर ओंडका अडला की ट्रॅक्टर पुढून उचलून ड्रायव्हरच्या अंगावर उलटतो, आणि उडी मारायलाही वेळ मिळत नाही. हे मी प्रत्येक नवीन माणसाला सांगतो आणि सांगतच राहणार.

माटोळी_७

मध्येच विचारतो, आमच्याकडे ट्रॅक्टर नाही, शेतीचा पॉवर टिलर आहे ट्रॉलीच्या हुकासकट. लहान ओंडके, ३०० किलोपर्यंतचे, त्याने ओढले तर चालेल का? आमच्या भाटातही (बागेतही) उतार आहे.

पेडण्याचा_ड्रायव्हर

सपाटीला चालेल. उतारावर टिलरची एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: मागून भार ढकलायला लागला की स्टिअरिंग क्लच उलटे चालतात. डावा दाबला की टिलर उजवीकडे जातो, कारण सोडलेलं चाक मोकळं होऊन पुढे पळतं आणि दुसऱ्या चाकाला इंजिन धरून ठेवतं. ज्याला हे माहीत नाही तो घाबरून आणखी जोरात दाबतो आणि सरळ खड्ड्यात जातो. उतारावर क्लचला हातच लावायचा नाही, पहिला गिअर, हँडल अंगाने वळवायचं, आणि ओंडक्याची शेपटी जमिनीवर. उतार जास्त असेल तर टिलर नकोच.

मेस्त_फोंडा

मी सुतारकाम करतो म्हणून वेगळं विचारतो, १० फुटांचे तुकडे कशाला पाडताय? दाराची उभी चौकट ७ फुटांची, वरची त्याहून लहान, खिडक्या तर लहानच. तुमच्या मेस्ताला आधी यादी करायला सांगा. साडेसात फुटांचा तुकडा पाडला तर वजन ८०० वरून ६०० वर येतं, सगळ्यांचंच काम हलकं. एखादी तुळई लांब हवी असेल तर तेवढा एक तुकडा लांब ठेवा.

दुसरं, फणसाचं पिवळं काळीज टिकाऊ असतं, पडून राहिलं तरी लगेच बिघडत नाही. आंब्याचं तसं नाही. ओला आंबा पावसात राहिला की निळे-काळे डाग पडतात आणि बारीक भोकं पाडणारे किडे शिरतात, म्हणून आधी आंबा काढा, फणस मागून. आणि कापल्या दिवशीच दोन्ही टोकांना जुना ऑइल पेंट जाडसर फासा, टोकाकडून पाणी झपाट्याने उडतं आणि मग तारेसारख्या चिरा आत हातभर जातात, तेवढं लाकूड फुकट. हे काम पाच मिनिटांचं आहे पण कोणी करत नाही, लाकूड आमच्याकडे आल्यावर बघून जीव तुटतो.

फणसाचा चीक आणि ओली साल दोन्ही निसरडी. साखळी सालीवरून घसरते. जिथे साखळी बसवणार तिथली पट्टाभर साल कोयत्याने तासून काढा आणि दोन वेढे घेऊन मग आवळा.

कुळागरवाला_सत्तरी

सगळ्यांचे मनापासून आभार. मेस्तशी बोललो, दोनच तुकडे १० फुटी लागतील, बाकी साडेसात. ४ इंची पाइप डिचोलीत बघून येतो, बोलेरोचे हब एकाकडे आहेत म्हणे. उताराचं कळलं. आता चढाचं सांगा, व्हाळापासून रस्त्यापर्यंत साधारण १५ अंश तरी असेल, आणि माती लाल, सकाळी दवाने ओली असते. ट्रॅक्टर ओढेल का?

वेल्डर_डिचोली

१५ अंशाच्या चढावर ८०० किलोला नुसता उताराचाच २०० किलोच्या वर ओढ लागतो, त्यात घासणारी शेपटी आणि आर्चचं स्वतःचं वजन धरून साडेतीनशे-चारशे किलो. तुमच्या ट्रॅक्टरला मातीत तेवढी पकड मिळेलच असं नाही, चाकं फिरत बसतील आणि पाटाच्या काठाची माती उखडतील. त्यापेक्षा ट्रॅक्टर तिथे सोडा आणि वरून ओढा. हाताने ओढायचं दोरखंडाचं मशीन मिळतं, टर्फर म्हणतात, विजेचे खांब उभे करणारी माणसं वापरतात. १.६ टनी भाड्याने घ्या. हळू चालतं पण कुठेही थांबवलं तरी भार तिथेच धरतं, चढावर यापेक्षा चांगलं काही नाही. कप्पी लावून दोर दुहेरी केलात तर जोर निम्मा लागतो.

वर बांधायला पोफळ घेऊ नका, तिची मुळं उथळ, उपटून येईल. माट्टी किंवा असलं जुनं झाड बघा आणि रुंद पट्ट्याने अगदी बुंध्याशी बांधा, तार थेट सालीवर नको. ताणलेल्या तारेवर मधोमध एक भरलेलं पोतं टाकून ठेवा, तार तुटली तर पोतं तिला खाली पाडतं. आर्चचा दांडा तेव्हा एकाने नुसता दिशा द्यायला धरायचा आणि त्या माणसाने बाजूला चालायचं, मागे नाही. दुसऱ्याने प्रत्येक थांब्याला चाकामागे दगड लावायचा.

पेडण्याचा_ड्रायव्हर

आणि चढ तिरका कापू नका, वाट लांबली तरी सरळ वर. आडव्या उतारावर खालचं चाक खड्ड्यात गेलं की आर्च ओंडक्यासकट लोळते. तिरकं जावंच लागलं तर ओंडका जमिनीपासून चार बोटं एवढाच ठेवा. आणि ही आर्च डांबरी रस्त्यावर काढू नका, नोंदणी नाही, लाइट नाही, रस्त्याकडेला ओंडका उतरवून पुढे पिकअपमधून न्या. सोबत वनखात्याचे कागद ठेवा, रेंज ऑफिसमध्ये वाहतुकीच्या पासचं आधीच विचारून घ्या.

कुळागरवाला_सत्तरी

पिकअपमध्ये चढवायचं कसं? तिथे रस्त्यावर तर झाडही नाही चेन ब्लॉक टांगायला.

मेस्त_फोंडा

आमची जुनी माणसं करायची तसं. पिकअपच्या बाजूचा फाळका खाली पाडा, दोन जाड दांडे जमिनीपासून हौद्यापर्यंत तिरके टेकवा, वरच्या टोकाला खिळा नाहीतर खाच पाहिजे म्हणजे सरकणार नाहीत. दोन दोर हौद्याच्या पलीकडच्या बाजूला बांधा, ओंडक्याखालून घेऊन वरून परत पलीकडे आणा आणि दोन्हीकडून एकाच वेळी ओढा. ओंडका दोरातून लोळत चढतो, त्यामुळे जोर निम्मा. दांडे ३० अंशाला असले तर ६०० किलोच्या ओंडक्याला दोन्ही दोर मिळून दीडशे किलोच्या आसपास ओढ लागते, घर्षण वेगळं. चार माणसं पुरतात. बुंध्याची बाजू जाड असल्यामुळे एका फेऱ्यात जास्त पुढे पळते, ओंडका तिरका व्हायला लागला की बुंध्याकडच्यांनी थांबायचं, शेंड्याकडच्यांनी ओढायचं. दर हातभर अंतराला मागून लाकडी पाचर सरकवत राहायची, ती काठीच्या टोकाने सरकवायची, हाताने नाही, आणि ओंडक्याच्या खालच्या बाजूला कोणीच उभं नको. पिकअपच्या रस्त्याकडच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, भार एका बाजूने चढतो तेव्हा गाडी सरकते.