मदत हवी आहे: कॅम्परव्हॅनमध्ये इन्सुलिन कसं सांभाळायचं?
नमस्कार मंडळी. जुलैत आम्ही दोघं ऑस्ट्रेलियात कॅम्परव्हॅनने ॲडलेडहून डार्विनला निघतोय, स्टुअर्ट हायवेने, साधारण ३,००० किमी. ग्लेनडॅम्बो ते कूबर पीडी अडीचशे किमी पंप नाही, त्याची तयारी झाली आहे. खरी काळजी ह्यांच्या इन्सुलिनची. दुपारी बंद व्हॅन तापते, आणि वाटेत ॲलिस स्प्रिंग्जकडे जुलैत, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, काही रात्री पारा शून्याखाली जातो. इन्सुलिन एकदा गोठलं की फेकूनच द्यावं लागतं. दोन रात्री विजेशिवाय मुक्काम आहे. इंजिन बंद असताना दुसऱ्या बॅटरीवर फ्रिज रात्रभर चालतो का? माठासारखं, पाण्यात भिजवून गार राहणारं पाऊच कोणी तिकडच्या कोरड्या हवेत वापरलंय? अनुभव असेल तर कृपया सविस्तर सांगा.