'टेल मी' बरोबर मग 'एक्सप्लेन मी' चूक का?

डिचोलीची_आई:
मुलगा मराठी मीडियमचा, यंदा नववीत. निबंधात 'टीचर एक्सप्लेन्ड मी द सम' लिहिलं त्यावर लाल गोळा, आणि खालच्याच 'टीचर टोल्ड मी द आन्सर'ला बरोबरची खूण. आता तो विचारतो दोन्ही वाक्यं सारखीच मग एक का चूक, मी म्हटलं पाठ कर, पण ते मलाच पटलं नाही. यात काही लॉजिक आहे की नुसती घोकंपट्टी?

फोंड्याचा_मास्तर:
लॉजिक आहे ताई, पण अर्धंच. अर्धा घोटाळा आपल्या 'ला'चा. भावाला पार्सल पाठवलं, म्हापशाला पार्सल पाठवलं, आपल्याला दोन्ही चालतात. इंग्लिशमध्ये 'आय सेंट माय ब्रदर अ पार्सल' चालतं पण 'आय सेंट म्हापसा अ पार्सल' नाही, तिथे 'टू म्हापसा' करून मागे ढकलावं लागतं, कारण क्रियापदाला लागून असलेली ती जागा ज्याच्या हाती वस्तू पडणार त्याची, आणि गाव काही पार्सल सोडवून घेत नाही. म्हापसा म्हणजे तिथली ब्रँच असं मनात असेल तर मात्र तेच वाक्य खपतं!
एक्सप्लेनचं दुखणं वेगळं, तिथे अर्थ बसतो तरी एन्ट्री नाही. लॅटिन-फ्रेंचमधून आलेली लांब क्रियापदं, एक्सप्लेन, डोनेट, डिस्क्राइब, सजेस्ट, बहुतेक 'टू' मागतातच. गिव्ह, टेल, सेंड, शो ही जुनी छोटी मंडळी, त्यांना ती अट नाही. ऑफर, प्रॉमिस बाहेरूनच आलीत पण जोर पहिल्या अक्षरावर, म्हणून घरच्यांत धरली जातात. हे थोडं पाठच करावं लागतं.

कदंब_पॅसेंजर:
आणि नवीन क्रियापदं रे? 'व्हॉट्सॲप मी द लोकेशन' कोणी शिकवलं नाही तरी सगळे बिनधास्त म्हणतात, टेक्स्ट, ईमेलचंही तेच. पण 'व्हिस्पर मी द आन्सर' कानाला खटकतं. म्हणजे कशावरून पाठवलं ते सांगणारं क्रियापद चालतं, आवाज कसा काढला ते सांगणारं नाही. बेथ लेविन म्हणून भाषाशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९९३ साली तीन हजारांवर इंग्लिश क्रियापदं कुठलं कुठल्या साच्यात बसतं ते बघून लावली, आणि गट पडले ते अर्थाचे.

डिचोलीची_आई:
मग 'फिल वॉटर इन द बॉटल'? इथे तर सगळेच म्हणतात.

फोंड्याचा_मास्तर:
म्हणतात खरे, पेपरात मार्क जातात. फिलच्या पुढे बाटली हवी, 'फिल द बॉटल विथ वॉटर', कारण फिल शेवटी काय झालं ते सांगतं. पाणी पुढे हवं तर 'पोर वॉटर इनटू द बॉटल', पोर फक्त पाणी कसं गेलं ते सांगतं, बाटली भरली का नाही त्याला देणंघेणं नाही. आपलं 'भरणं' दोन्ही कामं करतं. लोड दोन्हीकडे चालतं पण अर्थ हलतो, 'लोडेड द ट्रक विथ ओर' म्हटलं की ट्रक फुल, 'लोडेड ओर ऑन्टो द ट्रक' मध्ये अर्धाही असू शकतो. डिचोलीच्या पोराला हे सांगा, खाणीचे ट्रक बघितलेत त्याने, पटकन कळेल.

सावर्डे_लोकल:
मास्तर ते पहिल्या जागेचं पटलं नाही. 'इट कॉस्ट मी फिफ्टी रुपीज', यात 'मी'ला मिळालं काय? उलट गेले!

कदंब_पॅसेंजर:
साचा देवाणघेवाणीचाच, फक्त उलटा. 'दे रिफ्यूज्ड हिम अ व्हिसा' बघ, मिळणार होतं ते मिळालं नाही. म्हणून तर लोक पोर्तुगीज पासपोर्टच्या मागे.