आयकराच्या थकबाकीवर दर काही वर्षांनी सवलत कशाला?

पगारजीवी
स्पष्टच लिहितो. कर थकवणाऱ्याचं व्याज आणि दंड माफ करणारी प्रत्येक योजना म्हणजे वेळेवर भरणाऱ्याच्या थोबाडीत आहे. १९९७ ची व्हीडीआयएस, म्हणजे स्वेच्छेने उत्पन्न जाहीर करायची योजना, आठवते का? चिदंबरम अर्थमंत्री होते. दडवलेला पैसा जाहीर करा, ३० टक्के भरा, पुढे कुणी विचारणार नाही. त्यात जुन्या दागिन्यांची किंमत १ एप्रिल १९८७ च्या भावाने धरायची सोय होती. मग काय, घरोघरी सगळं सोनं ८७ च्या आधीचंच निघालं! म्हणजे खरा कर ३० टक्केसुद्धा पडला नाही. दहा हजार कोटींच्या आसपास जमले म्हणून सरकारने पाठ थोपटून घेतली, सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने मात्र झोडपलं. असलं काही पुन्हा आणणार नाही, असं सुप्रीम कोर्टात सांगून झालं. तरी २०१६ ला उत्पन्न घोषणा योजना आलीच, ४५ टक्क्यांवर. २०२० ला 'विवाद से विश्वास', २०२४ ला तिचीच दुसरी आवृत्ती. माझा टीडीएस पगार हातात यायच्या आधी कापला जातो. मला कोण अभय देणार?

ताळेबंद
साहेब, दोन वेगळ्या गोष्टी एका दावणीला बांधताय. व्हीडीआयएसबद्दल तुमच्याशी सहमत, ती दडवलेल्या पैशासाठीच होती. 'विवाद से विश्वास' अपिलात अडकलेल्या मागणीसाठी होती. तिच्यात अपील करदात्याचं असेल तर वादातला मूळ कर शंभर टक्के भरावाच लागायचा. सुटायचं ते व्याज आणि दंड. ३१ जानेवारी २०२० ला किंवा त्याआधी केलेलं अपील असेल, तर दुसऱ्या फेरीत वेळेत येऊनसुद्धा ११० टक्के. धाडीतून उभ्या राहिलेल्या आकारणीला या फेरीत प्रवेशच नव्हता.
आणि मागणी म्हणजे बुडवेगिरी नव्हे. अधिकाऱ्याने आदेशात आकडा लिहिला की ती मागणी झाली. तो आकडा बरोबर की चूक हे अपिलात ठरतं, आणि अपील वर्षानुवर्षं पडून राहतं.

पगारजीवी
पडून राहतं की पाडून ठेवतात? वकील लावायचा, तारखा घ्यायच्या आणि पुढच्या योजनेची वाट बघायची. माझ्या ओळखीचे दोन बिल्डर उघड सांगतात, 'थांबा हो, सरकार येतं वळणावर.'

सांगलीचा_राजू
बिल्डरचं सोडा, दूधवाल्याचं सांगतो. आमच्या तालुक्यात एक जण दूध संकलन केंद्र चालवतो. दर दहा दिवसांनी उत्पादकांचं बिल रोखीने वाटायचं, ही पहिल्यापासूनची पद्धत. ८ नोव्हेंबर २०१६ ला, नोटाबंदीच्या दिवशी, गल्ल्यात वाटपाची रोकड होती, जवळपास ११ लाख. बँकेत भरली. वहीत सगळं आहे: उत्पादकाचा नंबर, लिटर, फॅट, रक्कम, सही नाहीतर अंगठा. पुढे आयकरची नोटीस आली ती ईमेलवर. हा ईमेल रिटर्न भरणाऱ्या पोराने स्वतःच्या मोबाइलवर काढलेला, आणि ते पोरगं तोवर पुण्याला नोकरीला गेलेलं. उत्तर गेलं नाही म्हणून कलम १४४ खाली एकतर्फी आदेश, सगळे ११ लाख 'अस्पष्टीकृत'. अशा रकमेला लागणाऱ्या कलम ११५बीबीईचा तेव्हाचा दर बघा: ६० टक्के कर, त्यावर २५ टक्के अधिभार, त्यावर उपकर, मिळून ७७.२५ टक्के. साडेआठ लाख झाला नुसता कर. व्याज वेगळं. माणसाचं वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत. मग खात्यावर जप्ती आली आणि त्या पंधरवड्यात उत्पादकांची बिलं थांबली. सकाळी दूध घालायला आलेली बाई कॅन खाली ठेवून आधी पैशाचं विचारायची.
आता सांगा, याला 'विवाद से विश्वास'चा काय उपयोग होता? योजनेत जायचं तर साडेआठ लाख भरावे लागले असते. पैसे दूध घालणाऱ्यांचे, कर याने भरायचा! शेवटी पतसंस्थेत दागिने तारण ठेवून २० टक्के, म्हणजे एक लाख सत्तर हजार भरले आणि वसुलीला स्थगिती घेतली. अपील अजून चालूच आहे.

पगारजीवी
वाईट वाटलं, खरंच. पण हे माझ्याच बाजूचं उदाहरण झालं. योजनेचा फायदा ज्याला व्हायला हवा त्याला झालाच नाही. मग ती आणली कुणासाठी? आणि एक कटू बोलतो, नोटीस उघडून बघणं हे करदात्याचं काम आहे.

रजनीगंधा
मी पगारदारच आहे आणि मला नोटिसा उघडताही येतात. २०१३-१४ मध्ये ज्या कंपनीत होते (नाव नको) तिने माझ्या पगारातून टीडीएस कापला, पगारपत्रकावर दाखवला आणि सरकारकडे भरलाच नाही. कंपनी पुढे बुडाली. २६एएस, म्हणजे माझ्या नावावर जमा कराचा सरकारी उतारा, कोरा, म्हणून मागणी माझ्या नावावर, ३८ हजारांची. १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम २०५ सांगतं की कापलेला कर कर्मचाऱ्याकडे पुन्हा मागायचा नाही. सीबीडीटीने, म्हणजे प्रत्यक्ष कर मंडळाने, २०१५ मध्ये अधिकाऱ्यांना तशी लेखी आठवणही दिली. प्रत्यक्षात? कुणी दारात येत नाही हे खरं, पण रिफंड निघाला की कलम २४५ खाली त्या मागणीत वळता. आक्षेप नोंदवायला २१ दिवस देतात. मी नोंदवते, तरी वळता होतो.
फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात जुन्या किरकोळ मागण्या पुसायची घोषणा झाली (काही तर १९६२ पासूनच्या होत्या म्हणे), तेव्हा वाटलं सुटले. पण २००९-१० पर्यंतच्या वर्षांना २५ हजारांची मर्यादा आणि २०१०-११ ते २०१४-१५ ला १० हजारांची. माझे ३८ बसेनात. तेव्हा पगारजीवी दादा, अभय फक्त चोरालाच लागतं असं नाही.

हिंजवडीचा_वाटसरू
पगारदार म्हणजे गंगाजळ, हेही जरा आवरा. आमच्या टॉवरमध्ये एक एजंट फिरायचा. कधीही न दिलेली राजकीय देणगी कलम ८०जीजीसीच्या वजावटीत दाखवायची, घरभाडं फुगवायचं, रिफंड काढून द्यायचा आणि त्यातून कमिशन घ्यायचं. लोक हौसेने भरत होते. जुलै २०२५ मध्ये देशभर अशा खोट्या वजावटी करून देणाऱ्यांवर छापे पडले, तेव्हा व्हॉट्सॲप ग्रुपवर चिडीचूप. मग सगळे अपडेटेड रिटर्नच्या, म्हणजे चूक सुधारून उशिरा भरायच्या रिटर्नच्या मागे: पहिल्या वर्षात २५ टक्के जादा, दुसऱ्यात ५०, पुढे ६० आणि ७०. तीही सवलतच, फक्त महाग.

पगारजीवी
ती मला मान्य आहे! कारण तिच्यात उशिराची किंमत वाढत जाते. 'विवाद'मध्ये दहा वर्षं थांबलेल्यालाही वेळेत आला तर दहाच टक्के जास्त पडायचे.

ताळेबंद
किंमत वाढतेच म्हणताय तर दुसऱ्या पारड्यातलंही बघा. तुमच्याकडे येणं असेल तर विभाग महिन्याला १ टक्का लावतो. विभागाकडून तुम्हाला येणं असेल तर अर्धा टक्का देतो. चुकीची मागणी सात वर्षांनी रद्द झाली, तर ती लिहिणाऱ्या अधिकाऱ्याचं काय होतं? काही नाही. योजना बंद करा म्हणता, ठीक. पण आधी अपिलाला मुदत घाला, म्हणजे अमुक महिन्यांत निकाल नाही लागला तर व्याज तिथेच थांबणार. ते केलं तर बिल्डरचा 'थांबा हो'सुद्धा संपेल, कारण थांबून काही मिळणारच नाही.

पगारजीवी
व्याज थांबलं तर बिल्डर आणखी निवांत थांबेल, ताळेबंदराव! २० टक्के भरून उरलेले ८० बिनव्याजी वापरायला मिळाले तर कोण आधी निकाल मागेल? मुदत घाला, पण करदात्याने तारीख मागून घेतली तर ते दिवस मोजू नका.

ताळेबंद
ते दिवस वगळा, चालेल. पण विभागाने फाइल दाबून ठेवलेले दिवस कुणाच्या खात्यावर, तेवढं सांगा.

सांगलीचा_राजू
आमच्या दूधवाल्याने एकदाही तारीख मागितलेली नाही. सुनावणी फेसलेस आहे, म्हणजे समोरासमोर नाही, सगळं ऑनलाइन. वहीची पानं स्कॅन करून चढवलीत, अंगठ्यांसकट. बघू, कोण वाचतंय.