ट्रॅव्हल तानपुऱ्याचा खर्ज: आराखडा वाजवणाऱ्यांना विचारून बदलावा का?

तारझंकार
मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, याचा आनंद आहेच. पण शिकणाऱ्यांच्या घरी आज जास्त दिसतो तो भोपळ्याचा मोठा तानपुरा नाही, तर पेटीसारखा सपाट, लहान ट्रॅव्हल तानपुरा. वन बीएचकेत मावतो, प्रवासात भोपळा तडकण्याची धास्ती नाही. आणि तरी माझ्या ओळखीतल्या बहुतेक गाणाऱ्यांची तक्रार एकच: खर्ज, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाची तार, लागत नाही.

म्हणजे तार सुरात येते, पण सैल पडते. छेडली की लोळते, सूर आधी किंचित चढतो आणि मग खाली बसतो. कारण सरळ आहे. तीच तार त्याच सुरात ठेवून लांबी कमी केली, की ताण लांबीच्या वर्गाने उतरतो. वरच्या टोकाच्या आटीपासून, खाली तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीपर्यंत ९० सेंटिमीटर असलेली तार ६० वर आणली तर ताण निम्म्याहूनही कमी उरतो. काळी एकमध्ये, म्हणजे हार्मोनियमची पहिली काळी पट्टी षड्ज धरून, गाणाऱ्याचा खर्ज ७० हर्ट्झच्या आसपास. एवढ्या ताणावर तो उभा राहणार कसा?

आजवर हे वाद्य 'न्यायला सोपं' या एकाच हिशेबाने लहान होत गेलं. माझं म्हणणं, आराखडा खर्जापासून सुरू करावा. तारेची जाडी, पेटीची खोली, घोडीची रुंदी हे सगळं त्यानंतर ठरावं. आणि नमुना आधी मैफलीत मागे बसून दोन-दोन तास तानपुरा छेडणाऱ्यांच्या हातात द्यावा. त्यांच्याइतका वेळ तो खर्ज दुसरं कुणीच ऐकत नाही.

पंचम_पुणे
अजिबात पटलं नाही. मोठ्या तानपुऱ्याची लांबी ही काही सवय नव्हे, तीच खर्जाची अट आहे. तुम्ही जाड, गुंडाळीची (वर बारीक तार गुंडाळलेली) तार लावाल, ताण भरून निघेल. पण ती तार घोडीवर खरखरेल. तानपुऱ्याचं सगळं देणं तार घोडीच्या किंचित उतरत्या माथ्यावर अलगद टेकण्यात आहे. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये हेच दाखवलं होतं: तार जिथे छेडली त्या जागेमुळे जे स्वरांश (मूळ सुरासोबत उमटणारे वरचे सूर) उठायलाच नकोत, तेही या घोडीमुळे स्पष्ट ऐकू येतात. ती जागा बिघडवून खर्ज जाड करण्यात काय अर्थ? लहान तानपुरा रियाजाला ठीक आहे. मैफलीला भोपळाच हवा.

तारझंकार
रामन यांचा दाखला माझ्याच बाजूचा आहे. ७० हर्ट्झचं मूळ कंपन लहान पेटीतून फारसं बाहेर पडतच नाही. वरचे स्वरांश नीट उमटले की कान खालचा षड्ज स्वतः भरून घेतो. म्हणजे लहान तानपुऱ्यात जवारीवर, घोडीचा तो उतार घासून आवाज जुळवण्यावर, जास्त मेहनत हवी, आणि बाजारात नेमकी तीच कमी झालेली दिसते.

गंधार७
फोनवर ॲप आहे, खर्ज हवा तेवढा वाढवा. हा खटाटोप कशासाठी?

तारझंकार
ॲप मीही वापरतो. पण तानपुरा जुळवताना कान तयार होतो, ते काम ॲप करत नाही.

मिरजेचा_मी
आमच्या घरात हेच काम चालतं म्हणून लिहितो. 'वाजवणाऱ्याला विचारा' हे ऐकायला छान आहे. प्रत्यक्षात एकाला जवारी खुली हवी, दुसऱ्याला गोल, आणि तिसरा आठ दिवसांनी येऊन म्हणतो, पहिली होती तीच बरी. घोडी एकदा कानशीने घासली की गेलेलं हाड परत येत नाही. नव्या घोडीचा आणि त्या दिवसाचा खर्च कुणी द्यायचा?

आता मुद्द्याचं. जाड तार जास्त झुलते, म्हणून खर्जाखालचा उतार बाकी तिघींपेक्षा वेगळा घासावा लागतो. लहान वाद्याची घोडी अरुंद, तिथे हा फरक करायला जागाच मिळत नाही. तार आणि घोडी यांच्यामध्ये घातलेलं सूत केसभर पुढे सरकवलं की आवाज मिटतो, मागे घेतलं की तार झणझणते. घोडी रुंद करा ही सूचना त्यामुळे मला मान्य आहे. पण येणाऱ्याने 'खर्ज गोड हवा' एवढंच सांगू नये. कुठल्या पट्टीत गाता, पहिली तार पंचमाला की मध्यमाला, हे आधी सांगा. उत्तर त्यात असतं.

सुहिता_एडिसन
पट्टीचा विषय निघाला ते बरं झालं, कारण ही तक्रार मुळात पुरुष गायकांची आहे. मी काळी चारमध्ये गाते. काळी चार म्हणजे काळी एकचा पंचम, कंपनं दीडपट. त्यामुळे ६० सेंटिमीटरवर माझ्या खर्जाला जो ताण मिळतो, तोच तीच तार लावून काळी एकला ९० वर मिळतो. माझ्या लहान तानपुऱ्याचा खर्ज उत्तम बोलतो. मला त्रास आहे तो खुंट्यांचा. इथे हिवाळ्यात घरात हीटर चालू असतो, लाकूड सुकतं, आणि सकाळी चारही तारा उतरलेल्या असतात. माझ्याकडून सूचना मागाल तर मी गिटारसारख्या किल्ल्या मागेन.

मोठ्या तानपुऱ्यात जेंट्स आणि लेडीज अशी दोन मापं दुकानदार स्वतःहून दाखवतात. लहान मात्र सगळ्यांना एकच. आराखडा बदलायचाच तर इथून बदला.

तारझंकार
सुहिताताई, हे फार नेमकं सांगितलंत. मग काळी एक-दोनसाठी ७५ सेंटिमीटरचं वेगळं माप काढावं. ९० च्या तुलनेत ७० टक्के ताण राहील, उरलेलं तार थोडी जाड घेऊन साधेल. गुंडाळीची लागणार नाही.

पंचम_पुणे
म्हणजे खुंट्यांसकट सव्वातीन-साडेतीन फूट. केबिनमध्ये कोण नेऊ देणार? मग लहान केला कशाला?

तारझंकार
सामानात द्यायचा. भोपळा नाही म्हणूनच तो कडक पेटीत घालून देता येतो.

पंचम_पुणे
बरं, दोन मापं मान्य. जाड तारेवरची जवारी मात्र ऐकल्याशिवाय मानणार नाही.

मिरजेचा_मी
काळी एकचे दोन गायक आणि त्यांचे तानपुरा धरणारे, एवढे जण एकत्र आलात तर ७५ ची एक पेटी करून बघतो. घोडीचं सामान तुमचं, मजुरी मी धरणार नाही.