मदत हवी आहे: कॉमिक्समधला धक्का आधीच फुटतोय

दिवाळी अंकासाठी ८ पानांची कृष्णधवल भयकथा काढतेय. सिनेमात पुढचं दृश्य कधी दाखवायचं ते दिग्दर्शक ठरवतो. इथे अंक उघडला की समोरासमोरची दोन्ही पानं एकदम दिसतात. माझा दार उघडण्याचा प्रसंग ५व्या, म्हणजे उजव्या पानावर होता, त्यामुळे ४थं वाचतानाच नजर तिकडे जायची. आता तो ६व्यावर, पान उलटल्यावर येतो. आधी तीन अरुंद, निःशब्द चौकटी ठेवल्या. छापील प्रतीत हे मस्त जमलंय!

पण हीच कथा मोबाइलवर उभ्या स्क्रोलमध्येही जाणार आहे. तिथे पान उलटणंच नाही. चौकटी नव्याने काढायला वेळ नाही, फक्त मांडणी बदलता येईल. दारापूर्वी किती कोरी जागा सोडू, की शेवटची निःशब्द चौकटच लांबवू?