घड्याळाच्या शिक्क्याने भागत नाही

अनेक संगणक एकच माहिती वापरत असताना त्यांतील दोघांनी एकाच वेळी तिची एकच जागा बदलली, तर वेळेचा शिक्का (नोंद कधी झाली याची खूण) पाहून उशिराची नोंद ग्राह्य धरावी, असा उपाय सुचवला जातो. ते मला अपुरे वाटते. समजा, ४० छत्र्यांची शिल्लक दादर आणि कुर्ला येथील दुकानांच्या संगणकांनी एकाच क्षणी वाचली, एकाने ३ वजा करून ३७ लिहिले आणि दुसऱ्याने ५ वजा करून ३५, तर घड्याळे मिलिसेकंदापर्यंत जुळलेली असली (तशी ती जुळत नाहीत, हे वेगळेच) तरी उरणार ३७ किंवा ३५. खरी शिल्लक मात्र ३२ आहे. म्हणून उत्तर न पाठवता ‘५ वजा करा’ ही क्रियाच पाठवावी, कारण वजाबाक्यांचा क्रम कसाही लागला तरी फरक पडत नाही. अर्थात शेवटची छत्री दोन्हीकडे विकली जाण्याचा धोका त्यानेही टळत नाही. तेथे कुलूपच हवे, म्हणजे एक संगणक शिल्लक बदलत असताना दुसऱ्याला थांबवून ठेवणारी सोय.

सामायिक मेमरीत, म्हणजे अनेक संगणक जाळ्यावरून एकच मेमरी असल्यासारखी वापरतात तेथे, मात्र पुष्कळदा संघर्ष वरवरचाच असतो, कारण दोन संगणक ४०९६ बाइटांच्या एकाच पानावरील (मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यावरील) वेगवेगळ्या जागा बदलत असतात. लिहिण्याआधी पानाची जुळी प्रत काढून ठेवायची आणि नंतर तिच्याशी ताडून केवळ बदललेला भाग पाठवायचा, ही युक्ती ‘ट्रेडमार्क्स’ (TreadMarks) या सामायिक मेमरीच्या प्रणालीने १९९०च्या दशकात वापरली होती.

संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या १९७८च्या तार्किक घड्याळाने (खऱ्या वेळेऐवजी घटनांना चढते आकडे देणाऱ्या मोजणीने) सर्वांचा क्रम एक होतो, पण दोन नोंदी परस्परांपासून अनभिज्ञ होत्या का, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी प्रत्येक संगणकाचा वेगळा आकडा बाळगणारे व्हेक्टर घड्याळ लागते.