पीडीओला जायकाचं प्रशिक्षण: अर्ज कुठं करायचा?

खानापूरकर: कर्नाटकातल्या ग्रामपंचायतीच्या पीडीओला (पंचायत विकास अधिकाऱ्याला) घनकचऱ्यावर जायकाचं, म्हणजे जपानच्या सरकारी सहकार्य संस्थेचं, प्रशिक्षण मिळतं का? का भारत सरकारच्या आयटेक प्रशिक्षण कार्यक्रमातनं जमेल?

निपाणीवाला: आयटेक उलटं आहे हो. १९६४ पासून त्यातनं भारतच परदेशी अधिकाऱ्यांना शिकवतो, विमानभाडं-फी आपलं सरकार भरतं. जायकाला थेट अर्ज चालत नाही, नाव खात्याकडनं वर जावं लागतं.

चिकोडी_तालुका: आधी कोर्सचं माहितीपत्रक वाचा. पद, अनुभव, वयाची अट त्यातच असते. खरी गोम अर्जासोबतच्या कामाच्या अहवालात आहे. "गावात कचरा फार" असं मोघम नको. घरं किती, घंटागाडीच्या फेऱ्या किती, ओला-सुका किती किलो, ते लिहा. हे आकडे पंचायतीच्या वहीत सहसा सापडत नाहीत; आठवडाभर गाडी काट्यावर घाला. ग्रामसभेचा ठराव कन्नडमध्ये असतो, सोबत इंग्रजी अनुवाद लावा. खात्याची आतली मुदत जायकाच्या बरीच आधी संपते, फाईल तालुका, जिल्हा, बेंगळुरू अशी फिरते. पासपोर्ट आत्ताच काढा.

निपाणीवाला: कोर्सच्या शेवटी कृती आराखडा द्यावा लागतो. परतल्यावर बदली झाली की तो कपाटात. एकट्या पीडीओच्या नावावर ठेवू नका, पंचायतीच्या वार्षिक आराखड्यात घाला.